खुर्चीमागच्या बाई

संख्याशास्त्रात विद्यापीठात पहिली आलेली मुलगी व्हीलचेअरवरून मुलाखतीला गेली. खुर्ची ढकलून घामाघूम झालेल्या, विद्यापीठाच्या दिव्यांग मदत केंद्रातल्या बाई मागे उभ्या होत्या. तिन्ही साहेबांनी सगळे प्रश्न तिच्या डोक्यावरून बाईंनाच विचारले. "हिला आठ तास बसवेल का हो?"

"बसण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही!" ती फणकारली. साहेब बाईंकडे बघूनच हसले.

आठवड्याने बाई नेमणुकीचं पत्र घेऊन आल्या. मुलीने ते हिसकावूनच घेतलं. पत्र बाईंच्या नावाचं होतं : 'दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या मदतीसाठी आपली नेमणूक.'

"त्या मेल्यांकडे असे कर्मचारी आहेत तरी किती?" मुलगी कडाडली.

"एकही नाही," बाई पुटपुटल्या.



मग पत्र हळूच परत घेत म्हणाल्या, "म्हणून तर हो म्हटलं मी."