पाळण्याची कडी

वरवंट्याला टोपडं घातलं, तीट लावली आणि बायकांनी तो पाळण्यात ठेवला. बाळाच्या आधी वरवंटा, ही बारशाची रीत. सगळ्या खाली पाळण्याकडं बघत होत्या. बाळाचे आजोबा आकाराम तेवढे दारात उभे राहून वर बघत होते, स्लॅबातल्या कडीकडं. कडीभोवती ताटाएवढा पांढराशुभ्र गोल होता. तो त्यांनी स्वतः भरला होता.

पाळण्याला झोका दिला. कडी करकरली.

आकाराम उंबऱ्याच्या आत आले.

"ह्ये पावण्यांनीच केलंय न्हवं?" हातकणंगल्याहून आलेल्या व्याहीणबाईंनी वर बोट दाखवलं. "आमच्या ह्यांस्नी साधा बल्ब बदलता येत न्हाई."

"मिस्त्रीचं नाव काढू देत न्हाईत," आकारामांची बायको विठाबाई म्हणाली. "अंगणातली फरशी त्यांनीच बसवली, पन्हाळबी त्यांनीच लावली. कळंब्यात इचारा कुणालाबी."

आकाराम हसले. पण ते हसणं काही नीट जमलं नाही.

गेल्या आठवड्यात मोबाईलवर 'घरच्या घरी स्लॅबची दुरुस्ती' बघून ते छन्नी-हातोडी घेऊन लाकडी घोडीवर चढले होते. कडीपाशी जरा ओल होती, पोपडे आले होते, एवढंच. दोन ठोक्यांत गिलावा खाली आला आणि आतली सळी उघडी पडली. नखानं खरवडली तर तिचा लाल भुगा हातात आला. कडी त्याच सळीला अडकवलेली. असली सळी निघाली तर काय करायचं, हे व्हिडिओतल्या त्या हसऱ्या माणसानं सांगितलंच नव्हतं. तेव्हाच मिस्त्रीला बोलवायचं. पण "मी हाय की" असं सगळ्या गल्लीत सांगून ठेवलेलं. मग त्यांनी सिमेंट थापलं, वरून पुट्टीची लांबी फिरवली, पॉलिश पेपर मारला. काम दिसायला झकास झालं. आपण स्टँडचा पाळणा आणू, असं त्यांनी विठाबाईला बोलूनही बघितलं. "क्रांती ह्याच कडीला झोपली, तिची पोरबी हितंच झोपंल," असं म्हणून तिनं विषय मिटवला होता.

वरवंट्याच्या टोपड्यावर चिमूटभर पांढरं पडलं.

"पावडर सांडली जणू," म्हणत बाळाच्या आत्यानं, निशिगंधानं, फुंकर मारली. "काढा आता ह्याला. वैनी, घे पोरीला. मी नाव सांगतो."

वरवंटा बाहेर निघाला. क्रांतीनं बारा दिवसांच्या लेकीला छातीशी धरून पाळण्याकडं पाऊल टाकलं.

आकाराम घाबरले. पोरीसाठी घाबरलेच, पण आता बोललो तर व्याह्यांच्या बायकांसमोर आपलं हसं होईल, याचीही भीती वाटली. कोणती आधी वाटली, हे त्यांना कळलं आणि स्वतःची लाज वाटली.

"थांबा," ते म्हणाले. "मी जरा ओढून बघतो."

बायकांतून वाट काढत ते पुढं गेले आणि पाळण्याची साखळी धरून त्यांनी खाली ओढली. काही झालं नाही. आणखी ओढली. कडी जागची हलली नाही.

"हत्तीबी बसंल की पावणं!" व्याहीणबाई म्हणाल्या आणि खोली हसली.

त्या हसण्यानं त्यांना केवढं बरं वाटलं. आपण उगाच घाबरलो. काम पक्कं झालंय. त्यांनी साखळी सोडलीसुद्धा. क्रांती वाकली, पोरीची मान सावरत तिला गादीवर ठेवायला लागली. तेवढ्यात आकारामांची नजर पुन्हा वर गेली. पांढऱ्या गोलाच्या कडेनं केसाएवढी रेघ उमटली होती.

"मागं सर."

"आण्णा, आता काय? मुहूर्त–"

"मागं सर म्हणतो न्हवं!"

ते एवढ्या जोरात ओरडले की बाळ दचकून रडायला लागलं. क्रांती भिंतीला जाऊन टेकली. आकारामांनी दोन्ही हातांनी साखळी धरली आणि जमिनीवरचे पाय उचलले.

क्षणभर ते नुसतेच लोंबकळत राहिले. मग काडकन आवाज झाला. कडी, सिमेंट, पाळणा आणि आकाराम एकदमच खाली आले. बायका किंचाळत भिंतींकडं पळाल्या. परातभर सिमेंटचा तुकडा पाळण्याच्या गादीवर पडला होता. घुगऱ्यांच्या पातेल्यावर धुरळा बसला.

विठाबाईनं पदर फाडून आकारामांच्या फुटलेल्या कपाळाला बांधला. "देवानं सुचवलं बघा तुमास्नी. न्हाईतर पोर–"

"आण्णांनी वाचवलं हो पोरीला," निशिगंधा रडत म्हणाली. व्याहीणबाईंनी हात जोडले. गल्लीतल्या बायका दाराशी गोळा झाल्या. आत जे झालं ते एकीनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं तिसरीला. प्रत्येकीच्या तोंडी आकारामांचं नाव होतं. ते जमिनीवर बसून ऐकत होते.

क्रांती एकटी वर बघत होती. भोकातून सळीची दोन लालसर टोकं दिसत होती. तिनं खाली पडलेला तुकडा बघितला, त्याच्या एका बाजूचं ताजं, गुळगुळीत सिमेंट बघितलं. मग ती बापाजवळ आली.

आकारामांनी दोन्ही हात पुढं केले. "आण की इकडं तिला."

"आण्णा," ती त्यांनाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "कधीपास्नं म्हाईत हुतं?"

आकारामांनी हात तसेच धरून ठेवले. क्रांतीनं पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.