आखूड बाही

पुराव्याच्या पाकिटातून शर्ट बाहेर निघाला आणि शिंप्याने खिशातली टेप घट्ट धरली.

कोर्टाच्या दारावरच्या पोलिसाने सकाळी ती त्याच्या गळ्यातून उतरवायला लावली होती. "दुकान बरोबर घेऊन आलात की काय काका?" म्हणून चिडवलंही होतं. शिंपी आणि त्याची बायको आले होते ते नुसते बघायला, शेवटच्या बाकावर बसायला. आरोपीच्या पिंजऱ्यात त्यांच्या गल्लीचा वॉचमन उभा होता. त्याच्या मागेपुढे कुणी नव्हतं. "एक तरी ओळखीचा चेहरा दिसू दे बिचाऱ्याला," बायको म्हणाली होती. मघाशी वॉचमनला तो दिसलाही. त्याने तिथूनच हात जोडले आणि हसला, रोज दुकानाचं शटर उचलायला हात लावताना हसायचा तसाच.

औषधाच्या दुकानातल्या म्हाताऱ्याचा खून झाला होता आणि रक्ताचे डाग पडलेला हा निळा शर्ट वॉचमनच्या केबिनमागे सापडला होता. सगळा खटला या एका शर्टावर उभा होता.

"छातीशी धरा," आरोपीचा तरुण वकील म्हणाला. वॉचमनने शर्ट हनुवटीखाली धरून खांद्यांना लावला आणि हात सरळ केले. उजवी बाही मनगटापर्यंत पोचली. डावी दोन बोटं वरच राहिली.

ती दोन बोटं शिंप्यानेच मोजली होती. त्याच्या जावयाचा डावा हात लहानपणी मोडून वाकडा जुळला होता, आखूड राहिला होता. "बाबा, तुमच्या शर्टात माझा हात कुणाच्या लक्षातच येत नाही," असं जावई चारचौघांत सांगायचा.

त्याने चोरून बायकोकडे पाहिलं. ती शर्टाच्या खालच्या टोकाकडे बघत होती. बाकी सगळी निळी, शेवटचं बटण मात्र पांढरं होतं. "जावयाच्या शर्टाला असलं बटण?" म्हणून तो तिच्यावर खेकसला होता. "शर्ट खोचल्यावर कुणाला दिसतंय?" ती म्हणाली होती. आता अख्ख्या कोर्टाला दिसत होतं.

"अहो, चला घरी," ती पुटपुटली.

"असं मध्येच कसं उठायचं?"

"मग गप्प बसा. पोरीचा विचार करा."

तो दुसरा कसला विचार करत होता? सकाळीच तर पोरीचा फोन आला होता, "बाबा, हे म्हणतायत, तुम्ही उगाच कोर्टात कशाला जाताय?" तेव्हा त्याला जावयाचं कौतुक वाटलं होतं. बाकाचा खिळा टोचत होता. तो एकदा या मांडीवर रेलत होता, एकदा त्या. खिशात टेप बोटाला गुंडाळत होता, सोडत होता, पुन्हा गुंडाळत होता. बघायला आलेल्याला कोण काय विचारणार? आणि वकील पोरगा हुशार होता. शर्ट बसत नाही हे त्याने दाखवलंच की. वॉचमन सुटेल. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही.

"हा शर्ट आरोपीच्या मापाचा नाही, साहेब," वकील पोरगा म्हणाला.

सरकारी वकील हसतच उठले. "तो कुणाच्याच मापाचा नाही, साहेब! एक बाही लांब, एक आखूड. कुणातरी आंधळ्या शिंप्याने शिवलेला फुटपाथवरचा माल. कुणालाही घाला, असाच बसणार. तेवढ्यावरून आरोपी सुटतो होय?"

कोर्टात खसखस पिकली. न्यायाधीशही किंचित हसले आणि मान खाली घालून लिहू लागले. वकील पोरगा आपले कागद चाळू लागला. सगळे हसतायत म्हणून वॉचमनही हसला आणि शर्टाची घडी घालायला लागला.

चाळीस वर्षांत शिंप्याकडे एकही कपडा चुकला म्हणून परत आला नव्हता. आपण कधी उभे राहिलो ते त्याचं त्यालाच कळलं नाही. बायकोने त्याच्या कोटाचं टोक खाली ओढलं.

"बाही चुकलेली नाही, साहेब."

"ओ काका, खाली बसा!" पोलीस ओरडला.

"चुकलेली नाही! मोजून आखूड ठेवलीय. खांदा बघा, बगल बघा, कुठे झोळ दिसतोय का? मी शिवलाय तो."

हसणं थांबलं. न्यायाधीशांनी चष्मा काढला. "कुणाच्या मापाने?"

आपण काय बोलून बसलो ते शिंप्याला आता कळलं. आपल्या शिलाईचा अपमान सोसवला नाही आणि पोरीचा संसार चव्हाट्यावर आणला. अजूनही सावरता आलं असतं. हजारो शर्ट शिवले, कुणाकुणाचं म्हणून लक्षात ठेवणार?

"तसं... नीटसं आठवत नाही, साहेब."

पिंजऱ्यातला वॉचमन अर्धी घडी हातात धरून त्याच्याकडे बघत होता. आता तो हसत नव्हता.

कोटाचं टोक ओढणारा हात सुटला. शिंप्याची बायको बाकाचा आधार घेऊन उभी राहिली.

"हे माप विसरणं शक्य नाही, साहेब," ती म्हणाली. "आमच्या लेकीच्या नवऱ्याचं आहे. ते पांढरं बटण मी लावलंय."