फक्त एक फोटो

अंतराळातून जिवंत परतलेला चिंपांझी टोबी यानातल्या खुर्चीजवळ जायला तयार नव्हता. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या हवाई तळावर फोटोवाले ताटकळले होते. “व्हर्जिल, तुझं ऐकतो तो. बसव त्याला. फक्त एक फोटो,” साहेब म्हणाले. टोबीला बाटलीनं दूध पाजून वाढवणारा व्हर्जिल म्हणाला, “नको, साहेब. भेदरलाय तो.” “मग दुसऱ्याला सांगतो. विजेचे झटके देऊन बसवेल.” व्हर्जिलनं टोबीला छातीशी घेतलं. “कुठं नाही जायचं, बाळा. मी आहे ना,” म्हणत त्यानंच खुर्चीचे पट्टे आवळले. टोबीनं सगळे दात विचकले. कॅमेरे लखलखले. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटोखाली छापलं होतं, ‘हसरा अंतराळवीर’. “बाबा, टोबी किती खूश आहे!” लेकीनं कात्रण भिंतीवर चिकटवलं. भीतीनं काळीज फाटलं की चिंपांझी असे दात विचकतात, हे व्हर्जिलला ठाऊक होतं. “हो गं,” तो म्हणाला.