चौथा नियम

"पेशंट कुठाय?" किल्लीवाल्या काकूंनी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून नजर न उचलता विचारलं.

"गाडीत बसलेत. मी करते ना सही," अध्यक्षांची सून म्हणाली. "साडेअकराला दवाखान्यात न्यायचंय त्यांना. नवी चाकांची खुर्ची यायला अजून आठ दिवस आहेत. तेवढ्यापुरती द्या, काकू."

सेवा क्लबच्या सभागृहामागची ही लांबट खोली. वॉकर, कुबड्या, कमोडच्या खुर्च्या, दोन पलंग आणि भिंतीला टेकवलेल्या चाकांच्या चार खुर्च्या. गावात ज्याला लागेल त्याने फुकट न्यावं, काम झालं की आणून द्यावं. पाच वर्षं या खोलीची किल्ली काकूंकडे होती. नवरा गेल्यावर बाईंनी स्वतःला सेवेला वाहून घेतलं, असं गाव कौतुकाने म्हणायचं. काकू गावाला म्हणू देत.

त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. "चौथा वाच."

सुनेने वाचला. साहित्य नेणाऱ्या रुग्णाचा, क्लबच्या पदाधिकाऱ्यासह, क्लबच्या नावाच्या फलकासमोर फोटो सक्तीचा होता. खाली लफ्फेदार सही होती, तिच्या सासऱ्यांची.

"काकू, महिना झाला, बाबा आरशातसुद्धा बघत नाहीत. आणि क्लब त्यांनीच तर काढलाय."

"म्हणून तर. त्यांचा नियम आपणच मोडायचा? आण त्यांना आत."

आवाज अगदी मऊ होता. काकूंच्या मनात मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या आणि त्याची त्यांना काडीचीही लाज वाटत नव्हती.

सुनेने आणि ड्रायव्हरने दोन्हीकडून धरून अध्यक्षांना आणलं. पद सुटलं होतं, तरी गाव त्यांना अध्यक्षच म्हणे. झटक्याने डावं अंग गेलेलं, ओठाचा एक कोपरा ओघळलेला. खुर्चीत बसवल्यावर समोरचा फलक त्यांना दिसला.

"फोटो... नको," ते जड जिभेने म्हणाले.

"असं कसं? इतक्या जणांचे काढलेत तुम्ही." काकूंनी भिंतीवरच्या फोटोंपैकी एकाकडे हात केला. "हे ओळखलेत का?"

फोटोत पलंगावर मास्तर होते, काकूंचे यजमान. इस्त्रीच्या सदऱ्याशिवाय कधी दारातही उभे न राहिलेले मास्तर. इथे बनियनवर, गळ्यात नळी, डोळे मिटलेले. शेजारी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून अध्यक्ष छान हसत होते. क्लबच्या अंकाचं मुखपृष्ठच होतं ते त्या महिन्याचं. त्यानंतर मास्तर चारच दिवस होते. बोलता येत नव्हतं, म्हणून रोज पाटीवर लिहून विचारायचे, छापला का? काकू मानेनेच नाही म्हणायच्या. अंक कपाटात चादरींच्या खाली होता.

अध्यक्षांनी फोटोकडे बराच वेळ पाहिलं.

"को...ण?"

ते ओशाळतील, माफी मागतील, असं काकूंनी धरलं होतं. माफीला काय उत्तर द्यायचं तेही पाच वर्षं घोकून ठेवलेलं. हे 'कोण' त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांच्या अंगाची लाही लाही झाली.

क्लबचा कॅमेरा त्यांनी सुनेच्या हातात दिला. "तू काढ. मला सोबत उभं राहावं लागतं."

मग रुमाल काढून अध्यक्षांच्या ओठावरची लाळ टिपली. हनुवटीला दोन बोटं लावून त्यांचं तोंड कॅमेऱ्याकडे वळवलं.

"जरा हसा," काकू म्हणाल्या. "बघणाऱ्याला बरं वाटतं."

तेव्हा अध्यक्षांना ओळख पटली. रुमाल, दोन बोटं, ते वाक्य, सगळं त्यांचंच होतं. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग काकूंकडे पाहिलं. चांगला हात उचलून ते चेहऱ्यापुढे धरायला गेले. काकूंनी तो हात धरला आणि अलगद मांडीवर ठेवून दिला.

"मास्तरांनीही असाच उचलला होता," त्या म्हणाल्या. "तुम्ही असाच खाली ठेवलात."

"काकू, पुरे ना," सून रडवेली झाली. ती काय पाहते आहे ते तिला पुरतं उमगलं नव्हतं, पण पाहवत नव्हतं.

"उशीर होतोय तुम्हाला. दाब बटण."

काकूंनी अध्यक्षांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या हसल्या. कित्येक वर्षांत इतकं मनापासून हसल्या नव्हत्या.

सुनेने कॅमेऱ्यात पाहिलं. "बाबांनी डोळे मिटलेत. नीट नाही आला, काकू. पुसून टाकू?"

"राहू दे. ह्यांचेही मिटलेलेच होते."

काकूंनी मास्तरांची तसबीर भिंतीवरून उतरवली, तळहाताने काच पुसली आणि ती आपल्या पिशवीत ठेवली. खुर्ची दाराच्या उंबऱ्यावर अडली होती. ड्रायव्हर ती मागे घेऊन पुन्हा पुढे ढकलत होता, आणि अध्यक्ष मान वळवून भिंतीकडेच बघत होते.

काकूंनी रिकाम्या खिळ्याला बोट लावून हलवून पाहिलं. खिळा पक्का होता.