दुपारची कुस्ती

"अजून जरा डावीकडे," तो म्हणाला आणि स्टुलावर चढलेल्या कारागिरानं टीव्ही डावीकडे सरकवला.

टीव्ही देखणा होता, यात वाद नाही. कडेनं पाहिलं तर शाळेच्या पाटीएवढा पातळ, आणि चित्र असं स्वच्छ की बातम्या देणाऱ्या बाईच्या कपाळावरचा घामही दिसावा. तो दुकानात गिऱ्हाइकांना असेच टीव्ही विकायचा. त्यातला एक आज त्यानं बायकोसाठी घरी आणला होता.

"उजेड पडद्यावर पडतोय," म्हणत त्यानं खिडकी लावून घेतली आणि जाड पडदा ओढला. "आता बघ."

"आणि हवा?" बायकोनं विचारलं.

"पंखा आहे की."

पूर्वी ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. एकदा तो तिला न्यायला गेला, तर एक गिऱ्हाईक आरशात बघून तिच्याशी हसत होतं. तेवढंच झालं, पण याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. नोकरी सुटली. पुढे तो कामावर जाताना दाराला बाहेरून कुलूप घालू लागला.

कुलूप बाबांच्या काळातलं, दारातच बसवलेलं, जडशीळ पितळी. आतून उघडा की बाहेरून, किल्लीशिवाय हलायचं नाही. दोनपैकी एक किल्ली बाबांच्याच हयातीत हरवली होती. उरलेली याच्या खिशात असे.

"आगबिग लागली तर?" बायकोनं एकदा विचारलं होतं.

"फोन कर. दुकान काही लांब नाही."

"निदान आईंचा तरी विचार करा."

"आईला दिसतंय कुठे? ती कशाला बाहेर जातेय?"

आई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून असायची. डोळे इतके अधू की ताटातलं मीठसुद्धा चाचपडून शोधायची.

"आई, हिच्यावर लक्ष ठेव," तो रोज निघताना सांगायचा.

"ठेवते की. डोळे गेलेत, कान शाबूत आहेत."

आईचा त्याला फार अभिमान होता. बाबांनीही तिला असंच कुलपाआड जपलं होतं. बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान खालीच होतं. वर रेडिओ वाजत राहिला, मधूनमधून स्टेशन बदललं, की बाबा निर्धास्त. हा शाळेत गेल्यावर घरात दुसरं असायचं कोण? आजी. आणि आजी ठार बहिरी. आईनं कधी हूं की चूं केलं नाही. हल्लीच्याच बायकांना घर खायला उठतं, असं त्याचं ठाम मत होतं.

बाबांचा रेडिओ, तसा याचा टीव्ही. घरी काय लागलंय ते याच्या फोनवर दिसायचं. सुरुवातीला मालिका असत, स्वयंपाकाचे कार्यक्रम असत. मग दुपारची कुस्ती सुरू झाली.

"कोण जिंकलं आज?" तो संध्याकाळी विचारायचा.

"तो टकल्या. उचलून आपटला दुसऱ्याला." तिची उत्तरं कधी चुकत नसत.

"तुला कुस्ती कधीपासून आवडायला लागली गं?"

"कोंडलेलं माणूस काहीही बघतं."

त्याला हसू यायचं. अलीकडे ती भांडत नव्हती, भाजी चिरताना गुणगुणतही होती. टीव्हीनं संसार सावरला, असं तो दुकानात सगळ्यांना सांगायचा.

एके दुपारी एक जोडपं टीव्ही बघायला आलं. यानं खुशीत फोन पुढे केला. "हे बघा. माझ्या घरी आत्ता हे चाललंय."

गिऱ्हाइकाची बायको फोनवर वाकली. "कुस्ती? घरी वडील असतात वाटतं?"

"नाही, बायको. आई आहे, पण तिला दिसत नाही."

"बायको, आणि भरदुपारी कुस्ती?" बाई नवऱ्याकडे बघून हसली. "नीट बघा हो, घरात दुसरं कुणीतरी असेल!"

ती गमतीत बोलली, पण याच्या पायाखालची जमीन सरकली. पुरुष! घरात पुरुष येतोय! हा बसतो दुकानात, आणि तो याच्या टीव्हीवर कुस्ती बघतोय! म्हणून ही गुणगुणते, म्हणून भांडत नाही. आई बिचारीला काय दिसणार? गिऱ्हाईक तसंच सोडून तो पळत सुटला.

जिने चढताना त्याला धाप लागली. आतून आरडाओरडा ऐकू येत होता, घंटा वाजत होती. कुलूप जसंच्या तसं होतं. त्यानं किल्ली फिरवली आणि दार ढकललं.

खिडकी सताड उघडी होती. पडद्यावर दोन पैलवान भिडले होते. समोर, स्टुलावर पाय पसरून, आई बसली होती. हातात रिमोट, नाकावर चष्मा.

"लवकर आलास?" ती म्हणाली.

"ही कुठाय?"

"गेली. रोज कामावर जायची आणि तू यायच्या आत परतायची. आज कपडे घेऊन गेली. मीच म्हटलं, आता परत येऊ नकोस."

त्यानं तिच्या नाकाकडे बोट केलं. "हा चष्मा?"

"तिनंच आणला. कानामागे बोट फिरवून विचारलं, आई, इथं टोचतंय का? असं मला कुणी विचारलं नव्हतं रे कधी."

"पण कुलूप... कुलूप कसं उघडलं?"

आईनं कमरेची पितळी किल्ली काढली आणि स्टुलावर ठेवली.

"ही तर बाबांच्या वेळीच हरवली होती!"

"त्यांची हरवली होती."

त्यानं किल्ली उचलून पाहिली. "पण तू तर दिवसभर घरातच असायचीस. बाबांना खाली रेडिओ ऐकू यायचा..."

"रेडिओ होय?" आईनं चॅनेल बदललं. "तो तुझी बहिरी आजी लावून बसायची."