बाईंची वही

बाईंनी तीनदा मोजलं, तरी त्या रविवारी चर्चमध्ये माणसं अठराच भरली. त्यातला एकजण पंखा दुरुस्त करायला आलेला.

"सहा आठवड्यांनी वरून समिती येणार आहे," उपासना संपल्यावर पाळक म्हणाले. "पन्नास माणसं दिसली नाहीत, तर इथे कुलूप."

याच चर्चमध्ये बाईंचं लग्न लागलं होतं आणि इथूनच त्यांनी नवऱ्याला शेवटचा निरोप दिला होता. इथलं दार बंद झालं तर जायचं कुठे, हे त्यांना खरंच कळेना.

कष्टात त्या कमी पडल्या नव्हत्या. शाळेतून निवृत्त झाल्यापासून तीन वर्षं त्या घरोघर जात होत्या. निम्म्या वस्तीला त्यांनीच पाढे शिकवलेले, त्यामुळे त्यांच्या तोंडावर दार लावायची कुणाची छाती नव्हती. बाई बसायच्या, पाठीवरून हात फिरवायच्या, ज्याचं त्याचं दुखणं वहीत टिपून घ्यायच्या आणि रविवारी सगळ्यांपुढे उभं राहून नावानिशी प्रार्थना करायच्या. कंपाउंडरची बाटली सुटावी. शिंप्याच्या मुलीचं मोडलेलं लग्न जुळावं. पोटच्या मुलीलाही त्यांनी वगळलं नव्हतं. तिची कूस उजवावी म्हणून प्रार्थना करताना तर त्यांना हुंदका आवरला नव्हता.

तरी बाकं रिकामी होतच गेली. मुलगी दोन गल्ल्या सोडून राहायची, पण दोन वर्षांत तिने चर्चचं तोंड पाहिलं नव्हतं. "लोकांना घरबसल्या करमणूक मिळते, देव कशाला हवाय?" बाई म्हणायच्या.

दुसऱ्या दिवशी पाळकांनी त्यांना बोलावून घेतलं. टेबलावर बंद पाकिटांचा गठ्ठा होता.

"प्रत्येक घरी एक द्या. पहिलं तुमच्या मुलीला."

बाईंचे डोळे भरून आले. एवढी आठवण कोण ठेवतं!

"आणि बाई, इस्पितळातही सेवा सुरू करायची आहे. दर रविवारी सकाळी. तिथे खंबीर माणूस लागेल."

"म्हणजे उपासनेला मी नाही?"

"तुमच्याशिवाय हे कुणाला जमणार?" पाळक खिडकीबाहेर बघत म्हणाले. "वही माझ्याकडे राहू द्या. मी सांभाळतो."

बाईंनी जड हाताने वही दिली. चर्च वाचणार असेल, तर एवढा त्याग काहीच नव्हता.

मुलीने दारातच पाकीट फोडलं. वाचता वाचता तिचा चेहरा उतरला.

"आई, तू वाचलंस हे?"

"दुसऱ्याची पत्रं वाचायची सवय नाही मला."

मुलीने पत्राची घडी करून ते परत पाकिटात घातलं. मग म्हणाली, "येईन मी रविवारी."

बाईंना आकाश ठेंगणं झालं. त्याच भरात त्यांनी एकसष्ट घरं पालथी घातली. पाय सुजले, पण एकही पाकीट परत आणलं नाही.

समितीच्या रविवारी डॉक्टरांची फेरी लवकर सुरू झाली आणि नर्सने बाईंना वॉर्डाबाहेर काढलं. त्या तडक चर्चकडे निघाल्या. लांबूनच गाण्याचा आवाज ऐकू आला. अठरा माणसांचा आवाज एवढा नसतो. बाईंनी पायांचं दुखणं विसरून पावलं उचलली.

आत पाय ठेवायला जागा नव्हती. समितीची माणसं भिंतीला टेकून उभी होती. कंपाउंडर आला होता. शिंप्याची मुलगी गात होती. प्रभुभोजनासाठी लोक रांगेने पुढे निघाले, त्यांत बाईंची मुलगीही होती, आणि ती चक्क शेजारणीशी हसून बोलत होती. "देवा, पावलास रे बाबा," बाई पुटपुटल्या आणि शेवटच्या बाकावर, मुलीच्या रिकाम्या जागेवर टेकल्या.

तिथे मुलीचं गीतांचं पुस्तक होतं आणि त्यात ते पाकीट. पोटची पोर काही दुसरी नव्हे, असं म्हणत बाईंनी पत्र उघडलं.

"यापुढे बाई दर रविवारी सकाळी इस्पितळात असतील. त्यांची वहीही माझ्याकडे आहे. आता निर्धास्त या."

खाली पाळकांच्या हातची एक ओळ जास्तीची होती: "बेटा, युक्ती तुझी, म्हणून पहिलं पत्र तुला."