अकरा खुणा

लालचंद मुनिमाने आठवी खूण केली आणि पेन्सिल कानावर ठेवली. लगेच पुन्हा हातात घेतली, कारण प्रकाशचंद शेठच्या गठ्ठ्यातली पुढची मतपत्रिका कारकुनाने उघडली होती.

जळगावच्या कचेरीत विधान परिषदेची मोजणी चालली होती. मतदार म्हणजे जिल्ह्यातल्या नगरपालिकांचे मेंबर आणि जिल्हा परिषदेचे सदस्य. दोनशे पाच डोकी, जागा एक, उमेदवार पाच. या निवडणुकीत फुली मारायची नसते. आवडीप्रमाणे एक, दोन, तीन असे आकडे घालायचे असतात. मत गुप्त असतं असं सरकार म्हणतं. लालचंदला सरकारबद्दल आदर होता, पण अकरा जणांबद्दल शंका होती.

शेठच्या हक्काच्या सत्तेचाळीस मतदारांना त्याने नुसता एक लिहायला सांगितलं होतं. या अकरा जणांना मात्र एकेकाला बाजूला घेऊन त्याने वेगवेगळा क्रम पाठ करायला लावला. पहिला आकडा सगळ्यांचा शेठला. पुढचे दोन, तीन, चार, पाच असे, की एकाचे दुसऱ्याशी जुळू नयेत. सही नसली तरी आकड्यांवरून माणूस ओळखू यावा. क्रम मांडताना त्याने उमेदवारांची छापील यादी वरून खाली धरली. यादीत सगळ्यात वर रतिलाल अत्तरदे. आडनाव अ वरून, त्याला कोण काय करणार. शेठच्या वैऱ्याला दोन नंबर कशाला, असं एकदोघांनी विचारलंही. पुढचे आकडे नुसते ओळखीपुरते, ते कोणी मोजत नाही, असं लालचंदने त्यांना समजावलं होतं.

आता त्यांचे ते क्रम मतपत्रिकांवर एकेक करून येत होते. धरणगावचा पुना आला. बोदवडकडचे दोघे आले. हे दोघे चार दिवस रतिलालच्या जीपमधून देवदर्शन करत हिंडले होते, त्यामुळे त्यांची आशा नव्हती. आले. रतिलालचं पेट्रोल फुकट गेलं. अकरावी खूण झाली तेव्हा लालचंदने मागे वळून शेठना नुसती मान हलवून दाखवली.

दुपारपर्यंत दोन किरकोळ उमेदवार बाद झाले आणि अधिकाऱ्याने आकडे वाचले. लीलाधर गुरुजी शहात्तर, रतिलाल एकाहत्तर, प्रकाशचंद अठ्ठावन्न. शेठ तिसरे. म्हणजे तेही बाद.

शेठनी शांतपणे टोपी नीट केली आणि शेजारी बसलेल्या गुरुजींचा हात दाबला. रतिलालने दोन वर्षांत शेठना बाजार समितीतून आणि गुरुजींना शाळेच्या मंडळातून घालवलं होतं. तेव्हापासून दोघांचं ठरलेलं होतं. पद्मालयाच्या गणपतीपुढे नारळ ठेवून शब्द दिला होता : आपल्यातला कोणीही येवो, रतिलाल येता कामा नये.

"पाच मतांनी पुढे आहात," शेठ म्हणाले. "मला वाईट नाही वाटत."

तेवढ्यात अधिकाऱ्याने शेठचा गठ्ठा पुन्हा टेबलावर मागवला. बाद झालेल्याच्या मतपत्रिकांवर पुढचा आकडा कोणाला आहे ते बघायचं आणि ती मतं त्याला द्यायची, असा नियमच आहे. तो लालचंदला माहीत नव्हता असं नाही. पण शेठ बाद होतील हे त्याने कधी मांडूनच पाहिलं नव्हतं. अठ्ठावीस वर्षांची चाकरी. असला विचार मनात आणणं बरं दिसलं नसतं.

हक्काच्या सत्तेचाळीस मतपत्रिका बाजूला पडल्या. त्यांच्यावर पुढे काही लिहिलेलंच नव्हतं. उरल्या अकरा. कारकून वाचत गेला. रतिलाल. रतिलाल. पुन्हा रतिलाल. लालचंदला न बघताही पुढचं नाव सांगता आलं असतं. नऊ मतं रतिलालला गेली, दोन गुरुजींना. ऐंशी आणि अठ्ठ्याहत्तर.

बाहेर फटाके वाजायला लागले. शेठनी मुनिमाचा दंड धरला आणि त्याला व्हरांड्याच्या टोकाला नेलं.

"कोण फुटलं?"

"कोणीच नाही, शेठजी."

लालचंदने वही पुढे केली. नावापुढे क्रम, क्रमापुढे खूण, अकराच्या अकरा. पहिल्या सहा नावांपुढे रतिलालला दोन. पुढच्या तिघांत रतिलालच्या आधी होते ते नुसते किरकोळ, आधीच बाद झालेले. अक्षर वळणदार, खाडाखोड कुठे नाही. इतकं चोख काम शेठनी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

गुरुजी बाहेर आले आणि दोन पावलांवर थांबले. आवाज चढवण्याची त्यांना सवय नव्हती.

"प्रकाशभाऊ, नऊ मतं तुमच्या गठ्ठ्यातून तिकडे गेली. माणसं आयत्या वेळी फुटतात, आपण काय करणार. मी लोकांना तसंच सांगतो."

शेठनी मान हलवली. सुटल्यासारखी.

इतक्यात एरंडोलच्या मेंबर कुंदाबाई पदर सावरत गर्दीतून वाट काढत आल्या. सकाळपासून त्या कचेरीच्या पायऱ्यांवर बसून होत्या. मत ठरल्याप्रमाणे पडलं तर त्यांच्या भाच्याला शेठच्या कापसाच्या जिनात कामाला ठेवून घ्यायचं बोलणं झालं होतं. गुरुजींकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

"लालचंदभाऊ, मन्हं मत सापडनं ना? दुसरा आकडा रतिलालले, तुम्हीन सांगं तसाच लिखा. बठ्ठं बरोबर शे ना?"

शेठ मुनिमाकडे बघत होते. गुरुजीही बघत होते.

लालचंदने वहीच्या पानावरून बोट खाली नेलं, त्यांच्या नावाशी थांबवलं.

"सापडलं, अक्का," तो म्हणाला.